अमोनिया १ वर अडकला, नायट्राइट गडद जांभळं: शाळेची नवी टाकी पुढे सरकत नाही

वाशिष्ठी
नमस्कार. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेत ६० लिटरची माशांची टाकी मांडली आहे. मासा अजून एकही नाही आणि टाकी तयार झाल्याशिवाय सोडणारही नाही. नायट्रोजनचं चक्र, म्हणजे जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात ते, फळ्यावर बाण काढून शिकवण्यापेक्षा मुलांनी ते स्वतः मोजावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर, खाली नदीची धुतलेली वाळू, पाणी शाळेच्या विहिरीचं. विहीर जांभ्यातली, त्यामुळे क्लोरीनचा प्रश्नच नाही. अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड वापरते, म्हणजे कल्हईवाल्यांचा नवसागर, पण प्रयोगशाळेच्या शुद्ध बाटलीतला. एका वेळी ०.४ ग्रॅम, त्यातून २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया मिळतो.

पहिला डोस तीनेक आठवड्यांत शून्यावर आला, नायट्राइट वर चढलं. दुसरा डोस टाकला, तो १ पर्यंत उतरला आणि तिथेच थांबला. आठवडा उलटून गेला, १ चा १ आहे. नायट्राइट रंगपट्टीतल्या सगळ्यात गडद जांभळ्यावर. पीएच सुरुवातीला ६.८ च्या आसपास होता, आता किटचा रंग पिवळा येतो, म्हणजे ६ किंवा त्याहून खाली. त्याखाली किट दाखवतच नाही. तापमान २७. शिपाईमामा संध्याकाळी मेन स्विच पाडतात, पण पंपाची लाइन वेगळी आहे, तो रात्रंदिवस चालतो. मिथिलीन ब्लू, मीठ, कसलंही औषध घातलेलं नाही.

बॅक्टेरियाची बाटली आणून ओता असं दुकानात सांगितलं. ओतेनही, पण पस्तीस मुलं रोज विचारतायत "बाई, थांबलं का?" आणि मला त्यांना कारण सांगायचं आहे.

सांगलीकर_गप्पी
ताई, धीर धरा, नवीन टाकीला दीड-दोन महिने लागतात. निम्मं पाणी बदलून बघा. रत्नागिरीला माझ्या भाच्याची टाकी अशीच अडायची. पाणी बदललं की चार दिवस चालायची, परत बंद. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात असं कधी होत नाही, का ते माहीत नाही.

रासबोरा
वर भाच्याची जी गोष्ट आली आहे त्यातच उत्तर आहे. वाशिष्ठीताई, तुमचे जीवाणू मेलेले नाहीत आणि कमीही नाहीत, कारण पहिला डोस त्यांनी पूर्ण संपवला. त्यांना लागणारा बायकार्बोनेट संपलाय.

अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं. ते पाण्यातली क्षारीयता, म्हणजे आम्ल जिरवण्याची ताकद, खाऊन टाकतं. ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटची, टाकीवाले तिला केएच म्हणतात. अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्सिडाइज व्हायला कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे ७.१ मिलिग्रॅम क्षारीयता लागते. तुमच्या २ पीपीएमच्या डोसात साधारण १.६५ पीपीएम नायट्रोजन, म्हणजे दर डोसाला लिटरमागे १२ मिलिग्रॅम क्षारीयता खर्च. क्षारीयता संपली की पीएच घसरतो. ६.५ च्या खाली हे जीवाणू मंदावतात, ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात.

जांभ्यातलं पाणी मुळातच मऊ. पावसाने हजारो वर्षं धुऊन त्या दगडात चुना फारसा उरलेलाच नाही. सांगलीच्या बोअरला भरपूर केएच असतो म्हणून तिथे टाकी अडत नाही. घरच्या आरओच्या पाण्यावर टाकी सुरू करणारे पुण्या-मुंबईतले लोकही याच जागी अडकतात, फक्त त्यांना कोणी केएच मोजायला सांगत नाही.

तुम्हाला केएचचं किट मागवायची गरज नाही. तुमच्याकडे ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब आम्ल सोडून मोजायची नळी, आहे. १०० मिली पाणी, मिथिल ऑरेंज या रंगसूचकाचे दोन-तीन थेंब, आणि ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत जितके मिली लागतील त्याला १० ने गुणा, तेवढे मिलिग्रॅम प्रति लिटर. विहिरीचं आणि टाकीचं पाणी शेजारी शेजारी करून बघा.

वाशिष्ठी
आज दुपारच्या तासाला केलं. आम्ल सोडियम कार्बोनेटवर प्रमाणित करून घेतलं. विहिरीच्या पाण्याला २ मिली लागले, म्हणजे २०. टाकीच्या पाण्यात दोन-चार थेंबांतच रंग फिरला, म्हणजे फार तर २.

नंतर मुलांनीच गणित मांडलं. पहिल्या डोसाला १२, दुसऱ्याच्या अर्ध्याला ६, मिळून १८. वीसातून अठरा गेले. टाकी नेमकी जिथे थांबली तिथेच गणितही थांबलं! एका मुलीने फळ्यावर वजाबाकी केली तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. इतकी वर्षं शिकवतेय, रसायनशास्त्राच्या तासाला टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या.

आता उपाय सांगा. स्वयंपाकातला सोडा चालेल?

रासबोरा
चालेल. खाण्याचा सोडा घ्या, बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि पीठ मिसळलेलं असतं. ६० लिटरला ६ ग्रॅम सोडा, मगभर पाण्यात विरघळवून. क्षारीयता साधारण ६० ने वाढेल. दुसऱ्या दिवशी ब्युरेट लावा, ६ मिलीच्या आसपास लागले पाहिजेत.

भाच्याची टाकी पाणी बदलल्यावर का चालायची तेही यातून कळतं. निम्मं विहिरीचं पाणी घातलं की १० परत येतात, एका डोसालाही पुरत नाहीत. बाटलीतले जीवाणू याच पाण्यात ओतले असते तर तेही उपाशी बसले असते.

नायट्रेटचं किट सध्या वापरू नका. नायट्राइट इतकं जास्त असताना ते नायट्राइटलाच नायट्रेट म्हणून दाखवतं.

निळी_शेपटी
ताईंच्या टाकीत मासे नाहीत म्हणून हे सरळ आहे. पण हा धागा वाचून कोणी मासे असलेल्या टाकीत चमचाभर सोडा टाकू नका, हात जोडून सांगते. पीएच ६ ला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, माशांना तो फारसा जाचत नाही. पीएच ८ ला, २५ अंशांवर, त्यातला सुमारे ५ टक्के मुक्त अमोनिया होतो. हे प्रमाण पीएच ६ च्या जवळपास शंभरपट आहे. रात्रीत पीएच चढवला तर सकाळी कल्ले जळलेले मासे वर तरंगताना दिसतील. आधी रोज थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया खाली आणा, मग सोडा चिमटीचिमटीने, दोन-तीन दिवसांत विभागून.

ताई, दर वेळी सोडा घालायला नको असेल तर तुमच्याकडे फुकटचा उपाय आहे. तिसऱ्यांच्या शिंपा. उकळून, मांसाचा कण न ठेवता घासून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत भरा आणि स्पंजच्या बुडबुड्यांजवळ टांगा. पाणी आम्लाकडे झुकलं की त्या हळूहळू विरघळतात. नुसत्या शिंपांवर अडलेली टाकी लवकर सुटणार नाही, त्यामुळे आत्ता सोडा आणि पुढे शिंपा.

वाशिष्ठी
सोडा घातला, दुसऱ्या दिवशी ब्युरेटवर ६.२ मिली. पीएच ७.४ च्या जवळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया शून्य! नायट्राइटने वेळ घेतला, पण गेल्या आठवड्यात तेही फिकट निळ्यावर, म्हणजे शून्यावर आलं.

मग मुलांना म्हटलं, नवा डोस टाकण्याआधी भाकीत करा. आधीचं मोजमाप ५.६ मिली होतं, डोसाचे १२ म्हणजे १.२ मिली वजा करून उत्तर ४.४ यायला हवं असं त्यांनी वहीत लिहिलं. अमोनिया उतरल्यावर मोजलं तर ४.५. मिथिल ऑरेंजचा रंग डोळ्यांनी ठरवायचा म्हणजे एवढा फरक येणारच.

पुस्तकात नायट्रोसोमोनास (अमोनियाचं नायट्राइट करणारे) आणि नायट्रोबॅक्टर (नायट्राइटचं नायट्रेट करणारे) ही जीवाणूंची नावं आहेत. टाकीत तेच असतात का, असं एकाने विचारलंय.

रासबोरा
४.५! हे वाचून फार आनंद झाला.

गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवण्याचं मुख्य काम नायट्रोबॅक्टर नव्हे तर नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. आणि २०१५ मध्ये एकट्यानेच अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळा प्रवास करणारे नायट्रोस्पायराही सापडले, त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच. त्या मुलाला सांगा, त्याची शंका बरोबर आहे.

२ पीपीएमचा डोस चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य करू लागला की टाकी तयार. तेव्हा साठलेलं नायट्रेट काढायला बरंचसं पाणी बदला, आणि बदलल्यावर क्षारीयता पुन्हा मोजा, कारण विहिरीचं पाणी परत २० चंच असेल. कोणते मासे आणणार?

वाशिष्ठी
आरोग्य केंद्राच्या हौदातल्या गप्पी. डास कमी व्हावेत म्हणून ते गावांना वाटतातच, आम्हालाही देणार आहेत.

निळी_शेपटी
मग शिंपा नक्की टांगा, गप्पींना थोडं जड पाणीच मानवतं. सुरुवातीला सहाच सोडा. आणि खाणं घालायची पाळी दिवसाला एकाच मुलाची ठेवा, नाहीतर पस्तीस जणांच्या मायेने टाकीत अमोनिया वाढेल.

सांगलीकर_गप्पी
भाच्याला हा धागा पाठवला. त्याच्या टाकीत मासे आहेत, म्हणून आधी पाणी बदलायला सांगितलंय, सोडा नंतर.