मदत हवी आहे: एक्सेलमधल्या ग्रिडलाइन्स ठळक आणि जाड कशा करायच्या?

नमस्कार. आमच्याकडे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींची एक मोठी शीट आहे. कॉलम वीसेक, ओळी काही हजार. ज्यांना ती रोज वापरावी लागते त्यांची नजर आता अधू झाली आहे. डावीकडे पुस्तकाचं नाव वाचून उजव्या टोकाला परतीची तारीख भरायला जावं, तोवर ओळ सुटते आणि नोंद वरच्या किंवा खालच्या पुस्तकावर पडते. हे काम त्यांना मनापासून आवडतं, त्यांना ते सोडायचं नाही. म्हणून शीटच त्यांच्या सोयीची करायची आहे.

आत्तापर्यंत एवढं केलं: फाइल > ऑप्शन्स > अ‍ॅडव्हान्स्डमध्ये बरंच खाली गेल्यावर त्या वर्कशीटच्या डिस्प्लेचे पर्याय येतात, तिथे ग्रिडलाइन कलर सापडला. गडद निळा निवडला, थोडा फरक पडला. पण जाडी बदलायची सोय कुठेच दिसत नाही. मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या ओळींत पिवळा रंग भरलाय, तिथे रेघा दिसतच नाहीत. प्रिंटमध्येही येत नाहीत.

आणखी एक. शीट विषयवार लावलेली असते (कथा, चरित्र, विज्ञान वगैरे). विषय बदलतो तिथे वेगळी, उठून दिसणारी रेघ हवी आहे. सध्या ती हाताने बॉर्डर देऊन काढली आहे, पण नवी पुस्तकं भरून पुन्हा सॉर्ट केलं की रेघ भलत्याच ठिकाणी दिसते. यावर काही कायमचा उपाय आहे का?

प्रतिसाद

जाडीची सोय दिसत नाही, कारण ती नाहीच. ग्रिडलाइनचा फक्त रंग बदलता येतो आणि ती दाखवता किंवा लपवता येते. जाड, तुटक, ठिपक्यांची असे प्रकार हवे असतील तर बॉर्डरच द्यावी लागते. सेल निवडून कंट्रोल आणि १ दाबा, बॉर्डर टॅबवर सगळे प्रकार आहेत. ग्रिडलाइनचा रंगही त्या त्या शीटपुरताच असतो. अनेक शीटांना एकदम द्यायचा असेल तर खालचे शीट टॅब कंट्रोल धरून आधी निवडून घ्या.

पिवळ्या ओळींचं कारण सोपं आहे. सेलमध्ये रंग भरला की तो ग्रिडलाइन झाकतो. पांढरा रंग भरला तरी झाकतो, म्हणून कोरा दिसणारा भाग कधीकधी मुळात पांढरा रंगवलेला असतो. तिथे 'नो फिल' दिलं की रेघा परत येतात. बॉर्डर मात्र रंगावरही दिसते.

प्रिंटसाठी पेज लेआउट टॅबवर ग्रिडलाइन्सखाली 'प्रिंट'वर खूण करा. तरीही आल्या नाहीत तर पेज सेटअपच्या शीट टॅबवर 'ड्राफ्ट क्वालिटी' चालू आहे का बघा. ती चालू असेल तर ग्रिडलाइन्स छापल्या जात नाहीत.

प्रतिसाद

विषय बदलेल तिथे रेघ हवी असेल तर हाताने काढू नका. सॉर्ट केल्यावर मजकूर हलतो, बॉर्डर जागच्या जागी राहते. कंडिशनल फॉरमॅटिंग (दिलेली अट पूर्ण झाली की सेलला आपोआप रंग-बॉर्डर देणारी सोय) वापरा. हाताने काढलेल्या बॉर्डर आधी पुसून टाका. मग दुसऱ्या ओळीपासून खाली सगळा भाग निवडा, नवा नियम घ्या आणि 'फॉर्म्युला वापरून' हा प्रकार निवडा. विषय सी कॉलममध्ये आहे असं धरतो:

=$सी२<>$सी१

(म्हणजे विषय वरच्या ओळीपेक्षा वेगळा असेल तर. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षर आणि अंक.) फॉरमॅटमध्ये गडद रंगाची वरची बॉर्डर द्या. दुसरा नियम साध्या रेघांसाठी, म्हणजे नवी नोंद भरताच तिची रेघ आपोआप येईल:

=$ए२<>""

यालाही वरचीच बॉर्डर द्या, फिकट राखाडी. एका नियमात वरची आणि दुसऱ्यात खालची दिली तर एकाच कडेवर दोन रेघा भांडतात. 'मॅनेज रूल्स'मध्ये विषयाचा नियम वर ठेवा, म्हणजे दोन्ही लागू होतील तिथे गडद रेघ दिसेल.

एक मर्यादा आधीच सांगतो: कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये जाड बॉर्डर मिळत नाही, बारीकच मिळते. त्यामुळे फरक रंगानेच दाखवावा लागेल. दोन विषयांमध्ये रिकामी ओळ घालण्याचा सल्ला कुणी देईल, तो कृपया घेऊ नका. सॉर्ट आणि फिल्टर दोन्ही बिघडतात.

प्रतिसाद

नजर अधू असेल तर सगळ्याच रेघा गडद करणं मला योग्य वाटत नाही. आडव्या-उभ्या काळ्या रेघांच्या जाळीत अक्षरं आणखी हरवतात. उभ्या रेघा काढूनच टाका. व्ह्यू टॅबवरची ग्रिडलाइन्सची खूण काढा आणि वर सांगितलेल्या आडव्या बॉर्डर तेवढ्या ठेवा. ओळींची उंची थोडी वाढवा, त्याचा रेघांपेक्षा जास्त उपयोग होतो.

आणि तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ची नवी आवृत्ती असेल तर व्ह्यू टॅबवरच 'फोकस सेल' शोधा. ज्या सेलवर असाल त्याची अख्खी ओळ आणि कॉलम रंगीत दिसतो. तुमची खरी अडचण ओळ सुटण्याची आहे, तिच्यावर याहून थेट उपाय मला माहीत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. फोकस सेल आमच्या आवृत्तीत नाही. उभ्या रेघा काढल्या, उंची वाढवली, दोन्ही नियम लावले. आता त्यांना ओळ नीट धरता येते, तारीख भरताना बोट ठेवावं लागत नाही. सॉर्ट केल्यावरही रेघा बरोबर जागी येतात. फक्त फिल्टर लावला की विषयांमधली गडद रेघ काही ठिकाणी नाहीशी होते. असं का होत असेल?

प्रतिसाद

रेघ त्या विषयाच्या पहिल्या ओळीवर असते. फिल्टरमध्ये नेमकी तीच ओळ लपली तर रेघही लपते. फॉर्म्युला शीटवरच्या वरच्या ओळीशी तुलना करतो, ती दिसतेय की नाही हे तो बघत नाही. फिल्टर रोजचाच असेल तर प्रत्येक विषयाला एक फिका रंग देणारा नियम करा, उदाहरणार्थ =$सी२="चरित्र". याला शेजारच्या ओळीची गरज नाही, त्यामुळे फिल्टरमध्येही टिकतो. मुदत उलटलेल्यांचा पिवळा रंग हाताने भरलेला असेल तर तोही परतीच्या तारखेवरून नियमानेच द्या आणि तो नियम विषयांच्या नियमांच्या वर ठेवा, नाहीतर विषयाचा रंग पिवळ्याला झाकेल.