दहा डॉलरचं मॅगझिन, पाचशे डॉलरचं पिस्तूल

खडकमाळ
'पहिलं पिस्तूल घेतलंय, मॅगझिनं कुठली घेऊ' या धाग्यावर काल बिनधास्त_डॅलस यांनी लिहिलं: "ग्लॉक 19 ला कंपनीचं मॅगझिन म्हणजे नावाचे पैसे. एक डबा, एक स्प्रिंग, खाली झाकण. दहा डॉलरवाली कोरियन सहा घ्या आणि निवांत झोपा." खाली +१ ची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी: मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची पेटी.)

डबा नाही हो तो. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, मागे जाऊन पुढे येईपर्यंत पापणीही लवत नाही. तेवढ्यात स्प्रिंगने काडतुसांची अख्खी चळत एक घर वर ढकलायची, वरचं काडतूस दोन ओठांखाली (मॅगझिनच्या तोंडाच्या आत वळलेल्या कडा) बरोबर उंचीवर, बरोबर कोनात धरायचं आणि स्लाइडचा धक्का बसला की सोडायचं. स्प्रिंग मागे पडली की काडतूस वर यायच्या आत स्लाइड त्याच्या पाठीवरून निघून जाते किंवा मधेच त्याला धडकते. ओठ फाकले असतील तर एकाऐवजी दोन सुटतात.

भरलेल्या मॅगझिनमध्ये चळत जड आणि स्प्रिंग गच्च दबलेली असते. शेवटच्या दोनांना ती जवळजवळ उलगडलेली असते. म्हणून रडगाणं बहुतेक पहिल्या दोनात नाहीतर शेवटच्या दोनात. पंधरांतली मधली अकरा कुठलंही मॅगझिन खपवून घेतं. रेंजवर पाच-पाच भरून 'मस्त चाललं' म्हणणाऱ्यांनी पहिली दोन कधी तपासलेलीच नसतात.

आता ग्लॉकचं. प्लास्टिकच्या आत पोलादी अस्तर आहे. ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या मॅगझिनांत ते पूर्ण नव्हतं. भरलं की अंग फुगायचं, बटण दाबून पडायचं नाही, हाताने ओढावं लागायचं. अमेरिकन पोलिसांना आपसूक पडणारं हवं होतं, मग पूर्ण अस्तर आलं. नकलेतही अस्तर असतं, दिसायला तेच. फरक ओठांच्या पोलादाला दिलेल्या पाण्यात आणि स्प्रिंगच्या तारेत. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तर स्वस्त करता येतात.

बिनधास्त_डॅलस
एवढा मोठा निबंध माझ्या दोन ओळींवर! धन्य झालो.

साहेब, मॅगपुलचं पीमॅग कुणाचं? ग्लॉकचं नाही. त्यात तुमचं ते पोलादी अस्तर मुळात नाहीच, पूर्ण प्लास्टिक. तरी बटण दाबलं की खाली. पंधरा-सोळा डॉलर, कंपनीचं पंचवीस-तीस. मग अस्तराचं पुराण कशाला लावलंत? आणि मेक-गार? इटलीत गार्दोनेला बसून तोच कारखाना बेरेटा, सिग, सीझेड यांना मॅगझिनं बनवून देतो. तेच मॅगझिन मेक-गारच्या पाकिटात आलं की 'बाहेरचं' आणि बेरेटाच्या पाकिटात आलं की 'कंपनीचं'. पाकिटाला नमस्कार करा.

माझी कोरियन कधी अडकली नाहीत, हेही नोंदवतो.

खडकमाळ
पीमॅग आणि मेक-गार मान्य. पण तुम्ही सल्ला दिलात दहा डॉलरवाल्याचा आणि साक्षीला आणलंत मेक-गार! वकील भारी आहे, अशील तेच राहिलं.

आणि 'माझी अडकली नाहीत' म्हणजे किती भरून, कुठली गोळी, कितीदा, शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे थांबली का, हे लिहा. नाहीतर तो अनुभव नाही, आशीर्वाद आहे.

जुना_घोडा
दोघेही ग्लॉकमध्येच अडकलात. 1911 कडे, म्हणजे जुन्या अमेरिकन लष्करी .45 पिस्तुलाकडे या, म्हणजे भांडणच निकालात निघेल. त्यात 'कंपनीचं' म्हणजे कुणाचं? पिस्तूल डझनावारी कंपन्या बनवतात आणि बऱ्याच जणी खोक्यात दुसऱ्याच कारखान्याचं मॅगझिन, वर आपलं नाव ठोकून देतात. लोक ते ड्रॉवरमध्ये टाकतात आणि विल्सनचं 47डी नाहीतर ट्रिपचं घेतात. इथे बाहेरचंच प्रमाण मानलं जातं.

ओठ बघा. मूळ लष्करी मॅगझिनचे ओठ पुढे हळूहळू फाकत जातात. काडतूस पुढे सरकताना त्याची मागची कड सावकाश वर येते आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (उडालेलं काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखाली सरकते. 230 ग्रेन वजनाच्या गोल नाकाच्या गोळीसाठी हे उत्तम. वॉडकटर जातीच्या मॅगझिनचे ओठ समांतर, काडतूस लवकर आणि एकदम सोडणारे, आखूड बोथट गोळीसाठी. हायब्रिड मधला मार्ग. गोळी कुठली ते न विचारता 'कुठलं मॅगझिन चांगलं' विचारणं म्हणजे पाय न मोजता चपला घेणं.

आणि जुन्या फॉलोअरच्या (स्प्रिंगच्या डोक्यावरची, काडतुसं वर ढकलणारी पट्टी) पाठीवर पुटकुळीएवढा उंचवटा असतो, तो कुणी बघतच नाही. शेवटच्या काडतुसावर वरून दाब द्यायला दुसरं काडतूस नसतं आणि स्प्रिंगही ढिली. पिस्तुलाच्या झटक्याने ते पुढे घसरून नखाच्या पुढे जाऊन पडतं. मग स्लाइड नखासकट त्याच्या कडेवर आदळते. असं पुन्हा पुन्हा झालं की एक्स्ट्रॅक्टरचा ताण जातो आणि माणूस नवा एक्स्ट्रॅक्टर मागवतो. दोष होता त्या गुळगुळीत फॉलोअरचा. साध्या सात राउंडच्या नळीत आठ बसवण्यासाठी फॉलोअर चपटा केला, की पहिला बळी हाच उंचवटा.

शुद्धलेखनवाला
मूळ धाग्यावर तीन जणांनी 'क्लिप' लिहिलंय. क्लिप म्हणजे काडतुसं एकत्र धरणारी पट्टी. एम1 गॅरांड रायफलमध्ये आठ काडतुसांची क्लिप आत जाते आणि शेवटच्या गोळीनंतर टण्णकन बाहेर पडते. पिस्तुलात असतं ते मॅगझिन. आणि ते 'मॅगझीन' नाही.

पाटलीण_अटलांटा
आले. वेलांटीसकट आले. (हलके घ्या.)

जुना_घोडा, बेरेटाचा किस्सा तुम्ही कसा सोडलात? 2003-04 ला इराकमध्ये अमेरिकन सैन्याची एम9, म्हणजे बेरेटाची, पिस्तुलं अडकायला लागली, त्यात खापर फुटलं ते कंत्राटाने दुसऱ्या कारखान्याकडून घेतलेल्या मॅगझिनांवर. आतून-बाहेरून खरखरीत फॉस्फेटचा लेप, त्यात ती पिठासारखी वाळू. फॉलोअर मधेच बसायचा. पुढे मरीन कोअरच्या एम9ए1 बरोबर गुळगुळीत लेपाची मॅगझिनं आली.

खडकमाळ
ताई, हेच तर मी म्हणतोय! बाहेरची घेतली आणि फसले.

पाटलीण_अटलांटा
थांबा, पूर्ण ऐका. तो लेप सैन्यानेच मागितला होता. कारखान्याने कागदावर होतं तसं बनवून दिलं. तेव्हा 'बाहेरचं म्हणून बिघडलं' हे तुमचं वाक्य तिथे बसत नाही. लेप वाळूत चुकीचा होता, बस. आणि आतून तेल चोळणाऱ्यांनी त्यात भर घातली. मॅगझिन आतून कोरडं ठेवायचं असतं. तेल अधिक धूळ म्हणजे पॉलिश पेस्ट.

जर्सीकर
तुमचं सगळं ठीक, पण निवड करायला मिळते ते नशीब समजा. न्यू जर्सीत 2018 पासून एका मॅगझिनला 10 काडतुसांची मर्यादा. मग बाजारात काय येतं? पंधराच्या अंगात अडसर घालून, तळ रिव्हेटने नाहीतर गोंदाने कायमचा बंद केलेलं मॅगझिन. कायम बंदच असावं लागतं, नाहीतर कायद्याला ते पंधराचंच. म्हणजे तळ उघडून साफ करता येत नाही, स्प्रिंग बदलता येत नाही. आत वाळू गेली की वरून फुंकर मारा आणि देवाचं नाव घ्या. कारखान्यानेच मुळात दहाचं म्हणून घडवलेलं अंग आणि असं कोंबलेलं अंग, यात विश्वासाचा फरक कंपनी-बाहेर या फरकापेक्षा मोठा आहे. यावर कुणी का बोलत नाही?

1994 ते 2004 देशभर हेच होतं. 13 सप्टेंबर 1994 नंतर बनलेल्या मोठ्या मॅगझिनांवर 'फक्त पोलीस व सरकारी वापरासाठी' असा ठसा, आणि बंदीआधीची जुनी, ओठ फाकलेली मॅगझिनं सोन्याच्या भावाने. लोक तेव्हा पिस्तुलापेक्षा मॅगझिन जपायचे.

नवखा_नेमबाज
मध्येच विचारतो, रागावू नका. मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का? दुकानदार म्हणाला दर महिन्याला रिकामं करून 'आराम' द्या.

जुना_घोडा
आराम माणसाला द्या. स्प्रिंग दबून राहिल्याने थकत नाही, वर-खाली होण्याने थकते. दर महिन्याला रिकामं-भर करून तुम्ही तिला कामालाच लावताय.

खडकमाळ
हे अर्धसत्य आहे. तार तिच्या मर्यादेत दाबली असेल तरच. मर्यादेपलीकडे दाबून ठेवली तर ती बसते आणि उठत नाही. पंधराच्या अंगात पंधरा म्हणजे मर्यादेत. तुमच्याच लाडक्या 1911 मध्ये सातच्या नळीत आठ कोंबल्यावर तीच स्प्रिंग तार तारेला टेकेपर्यंत दबते.

जुना_घोडा
'लाडक्या' शब्दाची गरज नव्हती. चांगल्या आठवाल्यात नळी किंचित लांब करतात, खाली जाड पॅड येतो. मी सातच्या नळीतल्या आठची बाजू घेतलीच नव्हती, वर वाचा. वाचायचं नसेल तर धागे कशाला काढता?

बिनधास्त_डॅलस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडकमाळ
वाचलं. दोन ओळी आधी तुम्ही सरसकट 'दबून थकत नाही' लिहिलंय. मला शिकवण्याआधी स्वतःचं वाक्य दुरुस्त करा.

पाटलीण_अटलांटा
दोघांनी पाणी प्या. नवख्याला उत्तर कुणीच दिलं नाही. नवीन स्प्रिंग पहिल्यांदा भरून ठेवली की थोडी आखूड होते आणि तिथे थांबते. ते मरण नाही, म्हणून जुनी-नवी शेजारी ठेवून लांबी मोजत बसू नकोस. लक्षणं बघ. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही (आधी स्वतःचा अंगठा स्लाइड स्टॉपवर नाही ना, ते तपास), काडतूस नाक खाली घालून रॅम्पवर (नळीच्या तोंडाशी असलेला उतार) अडकतं किंवा स्लाइड काडतुसाच्या वरून निघून जाते. यातलं काही एकाच मॅगझिनला परत परत झालं की स्प्रिंग बदल. दहा डॉलरच्या आतली गोष्ट. 1911 ची बसवताना वरच्या वेढ्याचं उंच टोक पुढे, गोळीच्या नाकाकडे. उलटी बसते, बंदही होते, आणि मग माणूस आठवडाभर कंपनीला शिव्या देतो.

नवखा_नेमबाज
धन्यवाद ताई. मग पंधराच्यात चौदा भरा म्हणतात ते?

पाटलीण_अटलांटा
ते स्प्रिंगसाठी नाही. स्लाइड बंद असताना पूर्ण भरलेलं मॅगझिन आत घातलं की वरचं काडतूस स्लाइडच्या पोटाला भिडतं आणि अजून थोडं खाली दबायला जागा लागते. ती नसेल तर मॅगझिन बसल्यासारखं वाटतं, पण खाच पकडत नाही, आणि पहिल्या गोळीनंतर पायावर पडतं. घातल्यावर खाली ओढून बघ. चांगलं मॅगझिन पूर्ण भरूनही बसतं. न बसणाऱ्यात एक कमी भर.

जुना_घोडा
'मर्यादेत असेल तर' हे तीन शब्द माझ्या वाक्यात जोडतो. खूश?

सांगलीकर_३२
अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या गप्पा चाललेल्या, म्हणून गप्प होतो. आमच्याकडे भारतात 9 मिमी सामान्य परवानाधारकाला नाहीच, .32 वर समाधान. जुन्या विलायती पिस्तुलाचं मूळ मॅगझिन हरवलं की आयात बंद. 'कंपनीचं की बाहेरचं' हा प्रश्न आम्हाला चैनीचा. पण .32 चं दुखणं मॅगझिन चांगलं असूनही होतं, ते इथे कुणी सांगेल का? मधेच कुलूप लागल्यासारखं होतं. स्लाइड ढकलून काही हलत नाही.

जुना_घोडा
त्याला रिमलॉकच म्हणतात, कुलूप हा शब्द अचूक आहे. .32 च्या काडतुसाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे हवी. ती मागे गेली की वरचं पुढे सरकताना खालच्याच्या कडेत अडकतं आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवताना ही कड बघा. आखूड पोकळ नाकाच्या गोळ्या टाळा. मॅगझिनमध्ये पुढे जागा रिकामी राहते आणि झटक्याने काडतुसं मागेपुढे होतात. पूर्ण लांबीच्या गोल नाकाच्या गोळीला ती मोकळीक मिळत नाही. आणि मॅगझिन कुणाकडून तरी ठोकून घेऊ नका, तुमच्याकडे हत्याराचा भागसुद्धा कायद्यात हत्यारच. परवानाधारक विक्रेत्यामार्फतच काय ते करा.

सांगलीकर_३२
भरताना कड बघतच नव्हतो. लक्षात आलं.

बिनधास्त_डॅलस
बरं, मूळ मुद्द्यावर येऊ का, की रात्रभर स्प्रिंगच? ग्लॉक 43एक्स ला कंपनी देते दहाचं. त्याच उंचीत शील्ड आर्म्सचं एस15 पोलादी, पंधरा बसतात. इथे कंपनी हरली की नाही?

खडकमाळ
हरली म्हणायला हरकत नाही, पण बिल पूर्ण वाचा. पोलादी मॅगझिनची खाच ग्लॉकचा प्लास्टिकचा कॅच (मॅगझिन धरून ठेवणारा खटका) खाते, म्हणून बनवणारेच सांगतात की पोलादी कॅच बसवा. तो बसवला की तो तुमच्या जुन्या प्लास्टिक मॅगझिनांची खाच खातो. म्हणजे एक बाहेरचा भाग घेतला की दुसरा घ्यावाच लागतो आणि आधीची सगळी बाद. ज्यांच्या राज्यात चालतं त्यांनी हिशेब करून घ्यावं. पाच राउंड जास्त मिळतात हे खरंच.

बिनधास्त_डॅलस
म्हणजे 'बाहेरचं चालतं' असं तुमच्या तोंडून निघालं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

खडकमाळ
काढा. सोबत हेही काढा: प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगाने आकडा. पूर्ण भरून, जी गोळी खरोखर ठेवणार तीच वापरून, निदान तीनदा रिकामं. अडकलं की आकडा लिहून ठेवा. तोच आकडा दुसऱ्यांदा आला की आधी स्प्रिंग बदला. तरी आला तर ते मॅगझिन सरावाच्या पिशवीत, कमरेला नाही. तुमच्या दहा डॉलरवाल्यांनी हे पार केलं तर मी गप्प बसतो.

बिनधास्त_डॅलस
तीनदा पंधरा म्हणजे पंचेचाळीस गोळ्या, सहा मॅगझिनांना दोनशे सत्तर. तेवढ्या गोळ्यांच्या पैशात कंपनीची दोन-तीन आली असती, हे तुम्ही मुद्दामच सांगितलं नाहीत ना?

पाटलीण_अटलांटा
कंपनीच्यांनाही त्याच पंचेचाळीस लागतात, बिनधास्त. तुम्हाला फुकट कुणी सोडलेलं नाही.

बिनधास्त_डॅलस
बरं. आकडे घालतो. कोरियन सहांना एक ते सहा, कंपनीच्या दोघांना सात-आठ. पण निकाल माझ्या बाजूने आला तर नवीन धागा मी काढणार.

शुद्धलेखनवाला
शीर्षकात तरी 'मॅगझिन' लिहा.