बुटांवरच्या घड्या आणि सुरकुत्या : घरी काय केलं, काय टिकलं? तुमचे अनुभव लिहा

संथपाऊल (धागाकर्ती)

बोटं जिथे वाकतात तिथे बुटाला घडी पडणार, हे मला मान्य आहे. पण त्याच घडीची पुढे भेग होते आणि तळवा ठणठणीत असलेला जोड टाकून द्यावा लागतो, हे मला पटत नाही. चामडी बूट घ्यायला चांगले पैसे मोजावे लागतात, तो काही वर्षं तरी दिसायला नीट राहिला पाहिजे. शोधल्यावर सापडतात ते बहुतेक उपाय थंड देशांतले. आपल्याकडे चार महिने पाऊस, मग ऑक्टोबरचं ऊन. म्हणून इथे घरी करून पाहिलेलंच लिहा. बूट कशाचा होता, काय केलं आणि पावसाळा उलटल्यावर तो कसा दिसत होता, एवढं आलं तरी पुष्कळ.

सुरुवात माझ्यापासून. मला ऑफिसात रोज बंद बूट लागतात. दोन जोड आलटून पालटून घालते, म्हणजे आज घातलेला उद्या विश्रांती घेतो. दिवसभराच्या घामाने अस्तर ओलं झालेलं असतं आणि ओलं चामडं ज्या आकारात वाळतं तोच आकार धरून बसतं. घडी मिटलेल्या अवस्थेत बूट वाळला की ती पक्की झाली. त्यामुळे पाय बाहेर काढल्या काढल्या, आतली ऊब जायच्या आत लाकडी शू ट्री, म्हणजे बुटात बसणारा पायाच्या आकाराचा ठोकळा, घालते. पुढचा भाग तो आतून ताणून धरतो आणि रात्रीत घडी बरीच सपाट होते. पॉलिश न केलेलं लाकूड घ्या, ते ओल शोषतं. प्लास्टिकचा आकार देतो, ओल तशीच ठेवतो.

फर्मेकर

फार गरजेचा विषय. माझे वडील बुटांचे कारागीर, मुंबईच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याकडून जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो.

घडी कशी पडणार हे बूट विकत घेण्याआधीच ठरलेलं असतं. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट असतं, पोटाचं आणि बगलेचं सैल. चांगला कारागीर पाठीचा तुकडा बुटाच्या पुढच्या भागाला लावतो आणि सैल तुकडा जिभेला किंवा आतल्या बाजूला खपवतो. घाईत कापलेल्या मालात हे कोणी बघत नाही. दुकानात पारखायचं असेल तर बुटाचा पुढचा भाग बोटांनी हलकेच आत दाबा. केसासारख्या बारीक रेषा उमटल्या आणि बोट काढताच विरल्या, तर चामडं चांगलं. जाड, फुगीर वळ्या पडल्या आणि तशाच राहिल्या, तर ते चामडं आतून सुटलेलं आहे. त्याला घरी काहीही लावलं तरी उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, अतिशय चकाकणारे स्वस्त ‘लेदर’ बूट. यात बहुधा चामड्याचा वरचा थर घासून काढलेला असतो आणि त्यावर रंगाचा जाड लेप असतो. जे वाकतं ते चामडं आणि जे तडकतं तो लेप. म्हणून पहिली घडीच धारदार पडते.

तिसरी, माप. बूट पायापेक्षा लांब असला की पाय एका जागी वाकतो आणि बूट दुसऱ्या जागी. मधल्या रिकाम्या जागेत चामडं कोसळतं. पायाचा सगळ्यात रुंद भाग बुटाच्या सगळ्यात रुंद भागात बसला पाहिजे. पुढे बोटांना जागा आहे एवढंच बघून बूट घेऊ नका. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं.

आणि वडिलांची एक पद्धत. नवा बूट पहिल्यांदा वाकायच्या आधी पायात घालून नाड्या नीट बांधायच्या. जिथे घडी पडेल तिथे वरून एक गोल पेन्सिल आडवी ठेवून धरायची आणि टाच हळूहळू उचलायची. चामडं पेन्सिलीच्या कडेने वाकतं, रेष सरळ येते, पुढेही बूट त्याच रेषेत वाकत राहतो. दुसऱ्या पायालाही तसंच. घडी टळत नाही, पण दोन्ही बुटांवर सारखी आणि नीटस पडते. गिऱ्हाईकाच्या लग्नाचा बूट असेल तर ते हे स्वतः करून देत.

उपराजधानीकर

@फर्मेकर, पेन्सिलीची युक्ती पहिल्यांदाच ऐकली. नवा जोड घेणारच आहे, नक्की करून बघतो.

नागपुरात आमची अडचण उलटी. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की पेटीत ठेवलेला बूटही कडक होतो आणि घडीच्या जागी बारीक भेगा दिसायला लागतात. मी मार्च लागला की सगळ्या जोडांना लेदर कंडिशनर, म्हणजे चामडं मऊ ठेवणारं क्रीम, लावतो. आधी ओलसर फडक्याने धूळ पुसायची, विशेषतः घडीच्या आतली. ती धूळ चालताना कानशीसारखी घासत राहते. मग वाटाण्याएवढं कंडिशनर बोटावर घेऊन घडीत जिरवायचं आणि चमच्याच्या पाठीने घडीच्या आडवं, हलक्या दाबाने चोळायचं. आत शू ट्री असलाच पाहिजे, नाहीतर दाब पोकळीत जातो. वरवरच्या सुरकुत्या खरंच जिरतात. खोल घडी उथळ होते, नाहीशी होत नाही.

खोबरेल तेल लावू नका असं मी सगळ्यांना सांगतो. रंग काळवंडतो, बूट सैल पडतो, आणि हे तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे थंडीत घडीत पांढरट थर दिसतो.

पांढरेस्नीकर्स

कॉलेजात सगळ्यांकडे पांढरे स्नीकर्स आहेत आणि सगळ्यांना घडीचाच त्रास. इस्त्रीची पद्धत मी केली आहे, नीट सांगते.

नाड्या काढायच्या. बुटाच्या टोकात जुने सुती मोजे घट्ट कोंबायचे, इतके की घडी आतूनच उचलली गेली पाहिजे. सुती रुमाल ओला करून पिळून घ्यायचा आणि घडीवर पसरायचा. इस्त्री एका ठिपक्यावर. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००, त्यामुळे एकाच्या वर जायचंच नाही. टेकवायची, दोन-तीन सेकंदांत उचलायची, रुमाल काढून बघायचं. पुन्हा तसंच. तळव्याच्या कडेपासून दूर राहायचं, कारण सोल ज्या सोल्युशनने चिकटवलेला असतो ते उष्णतेने मऊ पडतं. बूट पूर्ण गार होईपर्यंत मोजे आतच ठेवायचे. गार होतानाच आकार बसतो, आणि सगळे इथेच घाई करतात.

निकाल खरा सांगायचा तर फोटोसाठी उत्तम. पुन्हा घालून हिंडलं की घडी परत येते, जरा कमी. म्हणून एखाद्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच करते.

बुटाच्या आत घालायचे ते प्लास्टिकचे क्रीज गार्ड पण वापरले. घडी कमी पडते हे खरं. पण करंगळीला कड लागते. थोडं चालायचं असेल तर ठीक, दिवसभर नाही.

संथपाऊल

@पांढरेस्नीकर्स, तुमचे स्नीकर्स चामड्याचे की सिंथेटिक? कारण सिंथेटिकवर इस्त्री चालेल का, हे मला बरेच जण विचारतात.

पांढरेस्नीकर्स

माझे चामड्याचे. मैत्रिणीचे सिंथेटिक होते, त्यांना आम्ही इस्त्री लावलीच नाही. तो वरचा थर म्हणजे प्लास्टिकच, तापला की सुरकुततो. त्यात फक्त मोजे भरून ठेवले आणि केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा लांबून दिली. थोडा फरक पडला.

फर्मेकर

सिंथेटिकबद्दल एक सांगतो. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने हळूहळू विघटित होतो. न वापरता बंद खोक्यात ठेवलेले बूटही घडीवरून सोलतात ते यामुळेच. ती घडी कोणी काढून देईल या आशेवर राहू नका.

कवायतवाला

पोलिस प्रशिक्षणात आम्हाला बुटांबद्दल जे शिकवलं ते नोकरीभर पुरलं. परेडच्या बुटाचं टोक आणि मागची टाच आरशासारखी चमकवायची, कारण तिथे आतून कडक अस्तर असतं आणि चामडं वाकत नाही. मधल्या भागाला, म्हणजे घडीच्या जागी, पॉलिशचा फक्त पातळ हात. नवीन पोरं सगळा बूट सारखाच चमकवायला जातात. मग पाय आपटला की घडीत मेणाचा थर फुटतो आणि पांढऱ्या रेषा दिसतात. लोकांना वाटतं चामडं फाटलं. फाटलेलं नसतं, मेण तडकलेलं असतं.

त्यावर उपाय असा. जुनं सुती फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि घडीतलं मेण चोळून काढा. न निघाल्यास पॉलिश क्लीनर. चामडं उघडं दिसलं की एक रात्र वाळू द्या. सकाळी रंगाचं क्रीम पॉलिश अगदी थोडं घ्या, मेणाचं नको, आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने झटपट हात मारा. मी आजही तेवढंच करतो. निवृत्तीच्या आधीचा एक जोड अजून लग्नकार्याला घालतो. त्याला घड्या भरपूर आहेत, भेग एकही नाही.

पाऊसवेडी

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर चामडी बूट घालायचा नाही, हा सगळ्यात चांगला उपाय. पण शाळेत तपासणी असली की घालावाच लागतो आणि भिजतोच.

भिजलेला बूट वाळवताना जे होतं त्यानेच सगळ्यात वाईट घड्या पडतात. आमच्या शेजारी गॅसच्या शेगडीजवळ ठेवायचे. सकाळी बूट लाकडासारखा, आणि घातला की घडीवर उभा चिरतो. यामागचं कारण मला एका चर्मतंत्र शिकलेल्या नातेवाइकाने समजावलं. कच्चं कातडं ओलं असताना साधारण ६० ते ६५ अंशांनाच आक्रसतं. हिरडा-बाभळीच्या सालीने कमावलेलं साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरतं, आणि क्रोमने कमावलेलं १०० अंशांच्या आसपास. कोरडं असताना चामडं याहून बरंच जास्त सोसतं. म्हणजे ओला बूट आणि आच ही जोडी नकोच.

मी असं करते. आतली गादी आणि नाड्या बाहेर. साधा, छपाई नसलेला कागद चुरगाळून टोकापर्यंत भरायचा. रद्दी पेपर फक्त काळ्या अस्तराला, कारण शाई फिक्या अस्तरावर उतरते. पहिल्या दिवशी कागद दर दोन-तीन तासांनी बदलायचा, हेच खरं काम. बूट आडवा ठेवायचा, म्हणजे तळव्यालाही वारा लागतो. पंखा लांबून. दोन दिवस जातात, जाऊ द्यावेत. पूर्ण वाळल्यावर कंडिशनर लावायचं, त्याआधी नाही.

दोन पोरांची आई

पुढच्या घडीबद्दल सगळे लिहिताहेत, मला मागच्या घडीबद्दल लिहायचंय. टाच मोडणे! नाड्या न सोडता बूट ओढून घालायचा, मग पाय शिरत नाही म्हणून टाचेवर उभं राहून चपलेसारखा घासत जायचं. आमच्या धाकट्याचे सगळे शाळेचे बूट असेच गेले. टाचेच्या आत एक कडक पुठ्ठा असतो, तो एकदा मोडला की उभा राहत नाही, आणि तिथली घडी मग पायाला चावते.

आमच्या कोपऱ्यावरच्या मोचीकाकांनी पर्याय दाखवला. अस्तराची शिवण थोडी उसवली, मोडका पुठ्ठा काढला, नवा तुकडा कापून, रापीने (चामडं कापायच्या सुरीने) कडा पातळ करून आत सरकवला, सोल्युशन लावून शिवण पुन्हा घातली. कडा पातळ केली नाही तर ती पायाला लागते, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. बूट वर्ष संपेपर्यंत चालला. घरी एवढंच केलं की दाराशी शूहॉर्न (टाच बुटात सरकवायची पट्टी) दोरीने टांगला आणि ‘नाडी सोडल्याशिवाय बूट काढायचा नाही’ हा नियम घातला. नियम अर्धाच पाळला जातो, शूहॉर्न मात्र मुलांना आवडला.

देशांतर

शिकागोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फाच्या पाण्याबरोबर ते चामड्यात शिरतं आणि वाळल्यावर नेमकं घडीत पांढऱ्या रेषांनी वर येतं. मीठ चामड्यातला ओलावा ओढून घेतं, तिथेच बूट तडकतो. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पाणी आणि पांढरं व्हिनेगर सम प्रमाणात मिसळून फडक्याने पुसते, मग साध्या पाण्याने. एक रात्रही पुढे ढकलत नाही.

स्वेडचे, म्हणजे लव असलेल्या मऊ चामड्याचे, बूट असतील तर क्रीम, तेल काही नको. किटलीच्या वाफेवर वीतभर लांबून थोडा वेळ धरायचे आणि ब्रशने लव उभी करायची.

उपराजधानीकर

आणि पेटंट लेदर? बायकोच्या काळ्या पंप्सवर घडी पडली आहे.

फर्मेकर

पेटंटवर प्लास्टिकसारखा चकचकीत थर असतो, घडी पडली की राहिली. इस्त्री, ड्रायर, काही लावू नका, थर ढगाळतो. कागद भरून ठेवा म्हणजे वाढणार तरी नाही.

संथपाऊल

@फर्मेकर, भेग पडूनच गेली असेल तर? माझ्या एका तपकिरी जोडावर बोटांच्या रेषेत एक बारीक भेग आहे, नख अडकतं इतकीच.

फर्मेकर

नख अडकतं पण आरपार नाही, तर घरी होईल. शू ट्री घालून भेग ताणलेली ठेवा. क्लीनरने मेण काढा. ६०० नंबरच्या सँडपेपरने फक्त कडा मऊ करा, आजूबाजूचं चामडं घासू नका. लेदर फिलर (भेग बुजवायची लवचीक लुगदी) टूथपिकने आत भरा, एकदम जाड नको. पातळ थर, वाळू द्या, बूट हाताने हलका वाकवून बघा, मग दुसरा थर. जाड थर पहिल्याच चालीत निसटतो. शेवटी त्याच रंगाचं क्रीम, दोनदा. आधी मागच्या बाजूला लावून रंग जुळतो का बघा, तपकिरीत हीच अडचण येते. आणि आठवडाभर तो जोड घालून लांब चालू नका.

भेग तळव्याच्या शिवणीपर्यंत गेलेली असेल तर मात्र घरी हात लावू नका. फोटो टाका, बघून सांगतो.