वन्यजीव चित्रस्पर्धा: सगळ्यांची चित्रं गूगलच्या फोटोसारखीच येतायत, काय करू?

रंगपेटी_ठाणे
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर रविवारी चित्रकलेचा वर्ग घेते, मुलंही आहेत, दोन-तीन आज्याही आहेत आणि एक रिटायर्ड काका. वन्यजीव सप्ताह 2 ते 8 ऑक्टोबर, त्यानिमित्तच्या स्पर्धेत आम्ही सगळे भाग घेतोय, म्हणजे चित्रं सप्टेंबरमध्येच द्यायचीत. नियमात लिहिलंय की चित्र स्वतःचं हवं, फोटोची नक्कल चालणार नाही. आणि इथे प्रत्येक जण मोबाईलवर वाघाचा तोच तो फोटो उघडून बसलाय, समोरून चेहरा, पिवळे डोळे, मागे काळं. फ्लेमिंगो बघायला खाडीवर नेऊ म्हटलं तर या दिवसांत ते नसतात, ताडोबाचा कोअर भाग पावसाळ्यात बंद. मग समोर बघून काढायचं तरी काय? आणि दुसरं, कागद वाळतच नाहीयेत हो!!

कुंचलेवाला
मी एक-दोन शालेय स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलोय. वाघाचे चेहरे इतके येतात की दहाव्या चित्रानंतर सगळे एकच वाटायला लागतात, त्यात कुणी वाघाला पाठमोरा काढला आणि कानामागचा पांढरा ठिपका दाखवला की हात आपोआप थांबतो. फोटो बघूच नका असं नाही म्हणत मी. चार-पाच फोटो बघा, एकातून पाय कसा पडतो ते घ्या, दुसऱ्यातून शेपटी, मग सगळे बंद करा आणि पोझ मनाने बसवा. आणि मागचं जंगल इथलं हवं. आपला वाघ बांबूत, सागात दिसतो, पण मुलं त्याच्यामागे छत्रीसारखी सपाट आफ्रिकन बाभूळ काढून मोकळी होतात.

येऊरकर
ताई, ठाण्यात राहता आणि काय काढू विचारताय? पावसाळ्याइतका चांगला सीझन नाही. ब्लू मॉर्मन घ्या, 2015 पासून राज्य फुलपाखरू आहे आपलं, आणि पावसाळ्यात बागेतसुद्धा येतं. कुणाकडे लिंबाचं झाड असेल तर पानं उलटीसुलटी करून बघा, अळी सापडेल, तिला हात न लावता रोज काढत राहायचं. कोष झाला की तोही काढा. बेडूक, गोगलगायी, खेकडे हे सगळं वन्यजीवच आहे की, वाघ-सिंह म्हणजेच वन्यजीव हे कुणी ठरवलं. काकांना सांगा जरा चिखलात उतरा 😀

आर्टवाली_मावशी
मी फक्त अंगावरच्या नक्षीबद्दल सांगते, कारण मुलांचं तिथेच फसतं. आमच्याकडे एका मुलाने बिबट्या म्हणून मस्त चित्र काढलं, पण तो होता जग्वार, इंटरनेटवर दोघांचे फोटो सरमिसळ असतात ना. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलासारखे ठिपके असतात आणि आत रिकामं, जग्वारच्या त्याच फुलाच्या आत अजून बारीक ठिपके दिसतात. डोक्यावर आणि पायांवर मात्र बिबट्याचे ठिपके भरीव. चित्त्याचे अंगभर भरीव आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला चित्ते आणल्यापासून मुलांना चित्ताच काढायचा असतो, काढू देत, पण ती रेघ विसरायची नाही. शेकरूचंही तसंच, राज्यप्राणी म्हणून काढायला घेतात आणि पाठीवर खारीचे पट्टे ओढतात. शेकरूला पट्टे नसतात, पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट, आणि शेपटी अंगाइतकी किंवा त्याहून लांब, त्यामुळे कागदावर आधी शेपटीची जागा सोडा नाहीतर ती दुमडून कोपऱ्यात कोंबावी लागते.

कुंचलेवाला
शेपटीचं पटलं, अगदी नेहमीचं दृश्य 😂 कागदाचं राहिलं की. कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे नेहमीच्या ड्रॉइंगच्या कागदावर, जलरंग नकोच, या हवेत तो पापडासारखा वर येतो. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या, बोर्डवर चारी बाजूंनी मास्किंग टेप लावा आणि टेप चित्र पूर्ण वाळेपर्यंत काढू नका, घाई केलीत की कडा वाकतात. हेअर ड्रायर चालेल पण लांबून आणि कमी गरम, जवळ धरला तर ओला रंग पळतो आणि डाग उठतात. न वापरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नाहीतर बुरशीचे ठिपके येतात आणि ते रंग लावल्यावरच दिसतात. लहान मुलांना सरळ पोस्टर कलर द्या, पाणी कमी लागतं.

रंगपेटी_ठाणे
बापरे, किती काय काय सांगितलंत! सगळ्यांना थॅंक्यू. आमच्या एका आजींच्या बाल्कनीत लिंबाची कुंडी आहे, आत्ताच फोन करून पानं बघायला सांगितलं तर म्हणाल्या, अळ्या दिसल्या की मी झटकून टाकते 🙄 आता थांबवलंय त्यांना. दोन मुलं वाघावर अडूनच आहेत, त्यांना पाठमोरा काढायला लावते. एक विचारायचं राहिलं, लिंबावर दुसऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही येतात ना? मग ब्लू मॉर्मनचीच आहे हे कसं कळणार?

येऊरकर
येतात, लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन दोन्ही लिंबावर असतात आणि लहानपणी सगळ्याच अळ्या पक्ष्याच्या शीटेसारख्या दिसतात. आत्ता नाव ठरवायच्या फंदात पडू नका, चित्राखाली तारीख टाकत जा, फुलपाखरू बाहेर आलं की आपोआप कळेल. ब्लू मॉर्मन असेल तर मागच्या पंखांवर निळा भाग असतो आणि पंखांना शेपट्या नसतात. आणि आजींना सांगा, थोडी पानं खाल्ली तर झाड मरत नाही.