'परदेशी अभ्यास' आणि सिन्नरचं सूप

दिलीप गांधींचं तंबाखूबद्दलचं 2015 मधलं वक्तव्य आठवतं? नगरचे हे खासदार तेव्हा तंबाखूच्या पाकिटावरच्या इशाऱ्याचा नियम तपासणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते. तंबाखूमुळे कॅन्सर होतो हे सांगणारे अभ्यास सगळे परदेशातले, असं ते म्हणाले आणि पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारा इशारा लांबणीवर पडला. तो आला थेट एप्रिल 2016 ला. समितीत अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता होते, स्वतः विडीचे कारखानदार! आता बोला.

आणि भारतातला अभ्यास नव्हता? लाखो घरांत जाऊन केलेला भारतातल्या धूम्रपान आणि मृत्यूंचा अभ्यास 2008 सालीच छापून आला होता.

पण 'विडी बंदच करा' म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. आम्ही नाशिकचे, मावशी सिन्नरची, घरी विड्या वळणारी. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात टेंभुर्णीची पानं. टीव्ही बघता बघता बोटं चालायची. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातून कारखान्यातला माणूस मूठभर विड्या 'खराब' म्हणून बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. तिनं जन्मात विडी ओढली नाही, खोकला मात्र कायमचा. 2017 ला जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर सेस, म्हणजे वरचा जादा कर, लागला, विडीवर नाही. कारण काय, तर गरीब कामगार. त्या सवलतीतला एक रुपयाही मावशीच्या सुपात पडलेला आम्ही पाहिला नाही.

बाकी सार्वजनिक ठिकाणच्या दोनशे रुपये दंडाबद्दल नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर पाच मिनिटं उभे राहून बघा.