मेलेले इंग्रजी शब्द पुन्हा वापरात आणावेत का?

पहाटवारा
इंग्रजीत 'परवा'साठी एकच सुटसुटीत शब्द होता, ओव्हरमॉरो. माइल्स कव्हरडेलच्या १५३५च्या बायबलात तो सापडतो. आज तेवढ्याच अर्थासाठी 'द डे आफ्टर टुमॉरो' असे चार शब्द खर्ची पडतात.

दुसरा शब्द याहून कितीतरी जुना. एक्सटर बुक या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात नवऱ्यापासून ताटातूट झालेल्या एका बाईची कविता आहे. तो समुद्रापार गेलाय आणि कुठल्या मुलखात असेल या विचारानं तिला 'उख्टचेआरे' जडलंय. उख्ट म्हणजे उजाडण्याआधीची वेळ, चेआरे म्हणजे काळजी. पहाटे जाग येते, डोळा पुन्हा लागत नाही आणि मनात नको नको ते येत राहतं, ते हे. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. आजच्या इंग्रजीत याला एका शब्दाचं नाव नाही.

असे शब्द मुद्दाम वापरात आणावेत असं माझं ठाम मत आहे. आपल्यातले कितीतरी जण दिवसभर इंग्रजीत लिहितात, त्यामुळे हे काम फक्त इंग्लंडवाल्यांचं नाही.

खिळेजुळारी
साफ असहमत. ज्याला आपण 'जुना शब्द' म्हणतो तो कधी कुणाच्या तोंडी होता का, हे आधी बघा. 'अ‍ॅप्रिसिटी' घ्या, म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. थंडी पडली की हा शब्द फिरायला लागतो, जणू इंग्रज शेतकरी शेकोटीभोवती तो रोज बोलत होते. प्रत्यक्षात तो हेन्री कॉकरमच्या १६२३च्या कठीण शब्दांच्या कोशात येतो आणि त्याबाहेर त्याच्या वापराचा पुरावा जवळजवळ नाही. त्यानं तो नोंदवला की स्वतःच घडवला, हेही ठरत नाही. त्या काळचे कोशकार लॅटिन शब्दांना इंग्रजी शेपूट लावून पानं भरत.

आणि 'डॉर्ड'? वेबस्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात तो चक्क 'घनता' या अर्थानं छापला गेला. मूळ चिठ्ठीवर 'डी ऑर डी' होतं, म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी. कुणीतरी ती अक्षरं जोडून वाचली. चूक लक्षात आली १९३९मध्ये. कोशात आहे म्हणजे भाषेत होता, असं होत नाही.

पहाटवारा
डॉर्ड ही छपाईतली चूक, ती बाजूला ठेवू. पण लॅटिनमधून घडवलेला म्हणून शब्द खोटा, हे मला मान्य नाही. टॉमस विल्सन या इंग्रज लेखकानं १५५३मध्ये अशा दौतछाप, म्हणजे पांडित्य मिरवणाऱ्या, शब्दांची खिल्ली उडवायला एक नमुना पत्र छापलं. त्यात अ‍ॅफेबिलिटी, मंडेन, सेलिब्रेट, एक्स्टॉल, डेक्स्टेरिटी हे शब्द होते. त्याला हे हास्यास्पद वाटत होते! आज सेलिब्रेट शाळकरी मूलही म्हणतं. कॉकरमचा शब्द चारशे वर्षं पडून राहिला, म्हणून तो पुढेही पडूनच राहील असं कसं म्हणता?

खिळेजुळारी
त्याच पत्रात 'इन्जेंट' हाही शब्द होता, अर्थ प्रचंड. तो कुठे गेला? ह्यूज, ग्रेट असताना त्याची गरजच नव्हती. ही निवड लोकांनी केली, कुणी मोहीम काढून नाही. तळटीप दिल्याशिवाय जो शब्द कळत नाही, तो वाचणाऱ्याला अडवतो.

सहावी_ब
मी इंग्रजी शिकवते, तेही ज्यांच्या घरी इंग्रजी नाही अशा मुलांना. स्पेलिंगच्या स्पर्धेसाठी ही मुलं वीस-पंचवीस अक्षरांचे शब्द घोकतात आणि रजेचा अर्ज लिहिताना अडतात. मला याचं फार वाईट वाटतं. ऑक्सफर्डच्या ज्युनियर डिक्शनरीतून २००७च्या आवृत्तीत एकॉर्न, ब्लूबेल असे निसर्गातले शब्द गेले आणि ब्लॉग, ब्रॉडबँड आले. त्यावरून २०१५मध्ये मार्गारेट अ‍ॅटवुडसह २८ लेखकांनी जाहीर पत्र लिहिलं. पण तो कोश सात वर्षांच्या मुलांचा, शब्द साधारण दहा हजार. काहीतरी काढावंच लागणार. मुलांच्या रोजच्या जगण्यात जे आहे त्याला आधी जागा द्यावी, या मताची मी आहे.

बांधावरचा
तुम्ही सगळे छापील शब्दांवर भांडताय. मला बोलीतले शब्द जास्त मोलाचे वाटतात. यॉर्कशरमध्ये १८५५मध्ये जन्मलेला जोसेफ राइट लहानपणी गिरणीत राबला, पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे तोच ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्यानं बोलीभाषांचा सहा खंडांचा कोश काढला.

ससेक्सकडे 'स्म्यूज' म्हणतात, म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या बुडाशी जनावरांच्या रोजच्या ये-जा करण्यानं पडलेलं भोक. ससा तिथूनच जातो, म्हणून फासही तिथेच लावायचा. हा शब्द पोटापाण्यासाठी लागत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं फिरवायला मैलोन् मैल कुंपणं उखडली, मग स्म्यूज म्हणणार कुणाला? पहाटवारा, हा शब्द तुम्ही ईमेलात वापरून परत येणार नाही. नोंदवून ठेवावा, एवढंच आपल्या हातात.

सहावी_ब, तुमचा मुद्दा आपल्याकडच्या वर्गापुरता बरोबर आहे. पण तो कोश मुळात ब्रिटनमधल्या मुलांसाठी आहे आणि ब्लूबेल तिथल्या जंगलात अजून दर वसंतात फुलतं. स्म्यूजचं कुंपण गेलं, इथे फूल तर समोर आहे. सात वर्षांच्या पोरानं ते पाहून 'हे काय?' विचारलं, तर त्याचं उत्तर त्याच्या कोशात सापडायला हवं.