गरिबी हा गुण कधीपासून झाला?

दिवेआगरची:
काल गावच्या सप्ताहात कीर्तन ऐकून आले आणि ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. बुवांनी सुदाम्याचं आख्यान लावलेलं, गळा गोड, मृदंगवाला पण तयारीचा, पण निरूपणात म्हणाले की गरिबी ही देवाची देणगी आहे, पैसा आला की देव घरातून उठून जातो, तुमच्याकडे काही नाही म्हणूनच तुम्ही पुण्यवान. समोर बसलेल्या कितीतरी बायकांच्या पोफळीच्या वाड्या ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आडव्या झाल्या होत्या. पोफळ नव्याने लावली की धरायला सात-आठ वर्षं जातात, तोवर खायचं काय? आणि त्याच बायका माना डोलावत होत्या, मला बघवेना.

सुदाम्याच्या गोष्टीचा शेवट काय आहे? देवाने पोहे खाल्ले आणि हा घरी पोचतो तर झोपडीच्या जागी वाडा. गरिबी एवढी मोठी देणगी असती तर कृष्णाने आपल्या मित्राची ती काढून कशाला घेतली असती? आणि आपले तुकोबा तर सरळ म्हणतात, "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें". धन जोडूच नको असं नाही म्हणत, नीट मार्गाने जोड आणि खर्चताना त्यात जीव अडकवू नको म्हणतात.

दर्याकाठ, मालवण:
ताई राग समजतो पण मला नाही पटत. त्याच तुकोबांनी कर्जाचे रोखे इंद्रायणीत सोडले, महाराजांचा नजराणा परत पाठवला असं सांगतात, ते का विसरायचं? आमच्याकडे रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. सगळी वाडी मिळून दोर ओढायची, जो हात लावेल त्याला वाटा. कोणी श्रीमंत नव्हतं. माझो आजो म्हणायचो, पोटापुरता गावला की दर्याक नमस्कार कर आणि घराक ये. आता काय चाललंय? एलईडी लावून मासेमारी २०१७ पासून बंद आहे तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहा, समोर शहर वसल्यासारखे दिवे दिसतात. अंडी-पिल्लांसकट सगळं उपसायचं आणि मग मत्स्यदुष्काळ म्हणून बोंब मारायची. हे गरिबांनी केलं का? नाही, पुरे म्हणता न येणाऱ्यांनी केलं. धर्म जेव्हा साधेपणाला मान देतो तेव्हा तो ह्या हावेला आवर घालत असतो, बुवांचे शब्द चुकले असतील पण गाभा बरोबर आहे.

मंडणगडकर:
गाभाच चुकलाय दादा. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. १९५० मध्ये बुद्ध धम्माच्या भवितव्यावर लिहिताना त्यांनी हाच प्रश्न घेतलाय. ज्याच्याकडे संपत्ती आहे त्याने ती सोडली तर ती धन्य अवस्था असू शकते, पण गरिबी कधीच नाही, आणि गरिबीला धन्य म्हणणं म्हणजे धर्माचा विपर्यास, असं त्यांचं म्हणणं. सोडणं वेगळं, नसणं वेगळं.

आमचे पणजोबा खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, जमीन कसायचे. पिकातला मोठा वाटा खोताच्या कोठारात, वर वेठ. त्यांनाही कोणीतरी सांगितलंच असणार की बाबा प्राक्तन आहे, समाधानी राहा. समाधानी राहिले असते तर चरीचा संप झाला असता का? अलिबागकडच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, पण खोतापुढे वाकले नाहीत. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. गरिबी पुण्य असती तर त्यांनी ती घालवण्यासाठी एवढा जीव काढला नसता.

वसईची पोर:
आमच्याकडे हा वाद फार जुना आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात "जे आत्म्याने दीन ते धन्य" आहे, लूकमध्ये नुसतं "दीनांनो, तुम्ही धन्य", आणि पुढे लगेच धनवानांना तुमची दुर्दशा होणार म्हणून इशारा. मला लूक जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात गरिबांना तसेच राहा असं सांगितलेलं नाही, देव तुमच्या बाजूचा आहे असं सांगितलंय. माझी मावशी चर्चची सिस्टर (नन) आहे, तिने गरिबीचं व्रत घेतलंय, दोन जोडी कपडे आणि चप्पल एवढाच तिचा संसार, मला तिचा खूप अभिमान आहे. पण ती आजारी पडली तेव्हा तिच्या संघाने सगळं बघितलं, औषधापासून रात्री उशाशी बसण्यापर्यंत. आमच्या गल्लीत सुकट विकणाऱ्या कोळणीला कोण बघतं? दोघींच्या अवस्थेला एकच शब्द वापरायचा हेच मला खटकतं.

हर्णै बंदर:
आमच्या इस्लाममध्ये तर दुआ आहे, या अल्लाह मला कुफ्र (अल्लाहला नाकारणं) आणि फक्र म्हणजे गरिबीपासून वाचव. रसूलुल्लाहने (पैगंबरांनी) दोन्हींपासून एकत्रच बचाव मागितलाय, म्हणजे बघा गरिबी किती वाईट मानली. आणि जकात, म्हणजे गरिबांसाठीचं सक्तीचं दान, साठवलेल्या पैशाच्या वर्षाला अडीच टक्के, तो गरिबाचा हक्क आहे, उपकार नाही. माझे अब्बा २२ वर्षं कुवेतला राबले, आम्ही शिकलो ते त्या पैशावर, त्यांना कोणी सांगितलं असतं की गरिबीतच सवाब (पुण्य) आहे तर मी आज कुठे असतो.

दिवेआगरची:
मालवणचे दादा, रापणीबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. पण रापणीत सगळ्यांना वाटा मिळायचा म्हणून ती चांगली होती, कोणाकडे काही नव्हतं म्हणून नाही. पुरे म्हणायला आधी पुरेसं असावं लागतं ना?

दर्याकाठ, मालवण:
हे खरं आहे. वाटणीचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला. तरी एक सांगतो, सुदाम्याने द्वारकेत जाऊन काही मागितलं नाही, तोंडच उघडलं नाही. हा गुण आहे की नाही?

दिवेआगरची:
आहे. पण त्याला द्वारकेला पाठवलं कोणी? बायकोने. पोरं उपाशी होती म्हणून. पोहे पण तिनेच शेजारून मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. मागायचं काम तिने केलं म्हणून ह्याला न मागता येणं परवडलं. तिच्या बाजूने हे आख्यान मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. परवा काल्याचं कीर्तन आहे, बुवा आमच्याच घरी जेवायला आहेत, आई आणि मी दोघी मिळून त्यांना हेच विचारणार आहोत.

दर्याकाठ, मालवण:
विचार गो बाय. काय म्हणतत ता हयसर लिही.